टेंभुर्णीची वही

आंतरजालावर नुसतं ‘टेंभुर्णी’ असं टंकलं की आधी समोर येते ती सोलापूर जिल्ह्यातली, पुणे-सोलापूर हायवेवरची टेंभुर्णी. आपल्यातले बरेच जण तिथे चहाला थांबलेले असतील. आजच्या लेखातली टेंभुर्णी ती नव्हे. ही जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद तालुक्यातली.

टेंभुर्णी हे मुळात झाडाचं नाव. हिंदीत तेंदू. विड्या वळायला ज्याची पानं लागतात ते झाड, कोरड्या पानगळीच्या जंगलात वाढणारं. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव, बाभूळगाव यांच्याच पंगतीतलं नाव. आणि जालना हा आज महाराष्ट्रातल्या सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. म्हणजे गावाच्या नावात झाड राहून गेलंय. भोवतालचं रान कधी बदललं, कशानं बदललं, हे कुणाला विचारायचं? हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. थोडा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझी मामेबहीण जालन्यात भूगोल घेऊन एम.ए. करते आहे. तिच्या प्रकल्पाचा विषय टेंभुर्णी आणि जीवरेखा नदीचा परिसर. (जीवरेखा ही पूर्णेची उपनदी. तिच्यावरचं धरण टेंभुर्णीजवळच अकोला देवला आहे. ही पूर्णा म्हणजे मराठवाड्यातली, पुढे गोदावरीला मिळणारी. विदर्भातली, तापीला मिळणारी पूर्णा वेगळी. दोन टेंभुर्ण्या, दोन पूर्णा... नावांच्या बाबतीत आपल्याकडे सगळा नेमस्पेसचा गोंधळ आहे.) मध्यंतरी तिचा फोन आला, “दादा, तुला क्यूजीआयएस येतं ना?” येतं म्हणजे थोडंफार येतं. मग आमचे दोन-तीन विकांत त्यातच गेले. जाफराबाद जवळजवळ ७६ अंश पूर्व रेखांशावर बसलेलं आहे आणि टोपोशीटची मुख्य मालिका नेमकी तिथेच बदलते. त्यामुळे एवढ्याशा भागासाठी दोन वेगळ्या मालिकांमधली शीटं एकमेकांना चिकटवत बसावं लागलं. पण ते काम तुलनेनं सोपं निघालं. खरी अडचण वेगळीच होती.

तिला हवं होतं ते असं: दहा, वीस, तीस वर्षांपूर्वी या शिवारात कोणती पिकं होती, विहिरी किती होत्या, त्या कुठल्या महिन्यात तळाला जायच्या. आणि अशी माहिती कुणीतरी, कधीतरी, या नाही तर शेजारच्या गावांत नक्की गोळा केली असणार याची तिला खात्री होती. कारण भूगोल घेणाऱ्या मुलांच्या वाट्याला ग्रामसर्वेक्षण हा प्रकार येतोच. एक गाव निवडायचं, प्रश्नावली घेऊन घरोघर जायचं, कुटुंबात माणसं किती, जमीन किती, कोरडवाहू किती, बागायती किती, विहीर आहे का, जनावरं किती, सगळं लिहायचं. मग त्याचे आलेख, नकाशा, निष्कर्ष, आणि जर्नलवर बाहेरच्या परीक्षकाची सही. जालना जिल्ह्यात हे वर्षानुवर्षं चालू आहे. तेव्हा तिनं कॉलेजात जाऊन विचारलं. कपाटात गेल्या दोनेक वर्षांच्या वह्या होत्या. त्याआधीच्या?

“रद्दीत गेल्या, ताई. मार्क लागल्यावर ठेवून काय करायचं?”

आता हे एका कॉलेजाचं दुखणं नाही, म्हणून नाव वगैरे विचारू नका. भूगोल शिकलेल्या चार-पाच मित्रमैत्रिणींना विचारलं, सगळ्यांनी हसून हेच सांगितलं. आपल्या धंद्यात कुणी दर वर्षी प्रॉडक्शनचा डेटा गोळा करून मार्चअखेर पुसून टाकला असता तर त्याला हपिसातून हाकलला असता. इथे तो अभ्यासक्रमच आहे.

असो. या निमित्तानं मी गावांच्या सर्वेक्षणांचा इतिहास वाचायला घेतला, आणि पहिलंच गाव निघालं पिंपळे सौदागर!

होय, तेच. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या निम्म्या जनतेचं टू बीएचके जिथे आहे ते. १९०७ साली हॅरॉल्ड मान नावाचा एक इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य म्हणून आला. त्याआधी तो ईशान्येकडे चहाच्या मळ्यांसाठी संशोधन करत होता. मानला प्रश्न पडला की दख्खनमधला शेतकरी नेमका कसा जगतो? याचं उत्तर सरकारी अहवालांतून मिळेना, म्हणून त्यानं एक गाव निवडलं आणि महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांना घेऊन ते अक्षरशः तुकड्या-तुकड्यानं मोजलं. माती, विहिरी, पिकं, कर्ज, लग्नाचा खर्च, सगळं. ते गाव पवनेकाठचं पिंपळे सौदागर. १९१७ साली मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालिकेतलं पहिलं पुस्तक म्हणून त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’.

त्यातली एक मालिका फार प्रसिद्ध आहे. गावातलं सरासरी खातं १७७१ साली ४० एकरांचं होतं. १८१८ साली साडेसतरा. १९१४-१५ साली, म्हणजे मान स्वतः मोजत होता तेव्हा, ७ एकर. १५६ खातेदारांकडे मिळून ७२९ तुकडे, आणि त्यातले ४६३ एक एकरापेक्षाही लहान. जमिनीचे तुकडे होताहेत असं सगळेच म्हणत होते. पण ‘किती’ आणि ‘कधीपासून’ हे मानला सांगता आलं, कारण पेशवाईतल्या कुणा कारकुनानं दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेला कागद शाबूत होता. त्या कारकुनाला जमीन-तुकडेकरण वगैरे विषयाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला सारा वसूल करायचा होता. पण त्यानं लिहिलं, आणि कुणीतरी ते फेकून दिलं नाही.

मानचा दुसरा अभ्यास १९२१चा, ना. वि. कानिटकरांबरोबर केलेला, जातेगाव बुद्रुकचा. हे पुण्यापासून लांब, कोरड्या पट्ट्यातलं गाव. मला स्वतःला हा दुसरा जास्त आवडतो, कारण जातेगाव हे टेंभुर्णीच्या जास्त जवळचं आहे. अंतरानं नव्हे, पावसाच्या भरवशानं.

पण खरी गंमत आहे मद्रासची. गिल्बर्ट स्लेटर हा मद्रास विद्यापीठाचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. इंग्लंडहून आल्या आल्या त्याच्या लक्षात आलं की वर्गातली पोरं लंडनच्या बँकांबद्दल धडाधड बोलतात, पण स्वतःच्या गावातल्या मजुराला रोज किती मिळतो ते त्यांना माहीत नाही. (हे वाक्य आजच्या कुठल्याही कॅंपसला चालेल.) १९१६ साली त्यानं एक प्रश्नावली तयार केली आणि मुलांना सुट्टीत आपापल्या गावी धाडलं. मुलांनी लिहून आणलेलं त्यानं १९१८ साली छापलं. म्हणजे विसाव्या वर्षीच्या मुलांनी सुट्टीत केलेलं काम. थोडक्यात, ग्रामसर्वेक्षणाची वहीच.

फरक एवढाच की ती वही राहिली. त्यामुळे १९३६-३७ साली दुसऱ्या पिढीतले संशोधक त्याच गावांत परत गेले. १९६१ साली मार्गारेट हॅसवेल गेल्या. १९८०च्या दशकात आणखी लोक गेले. त्यातलं इरुवेलपट्टू नावाचं गाव तर २००८ पर्यंत पुन्हा पुन्हा पाहिलं गेलं. ब्याण्णव वर्षं, एक गाव. जमीन कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली, मजुरी कशी बदलली, जातीची पकड कुठे सैल झाली आणि कुठे नाही, हे सगळं त्यातून दिसतं. सुरुवातीच्या त्या पोरांना याची कल्पनासुद्धा नव्हती.

आणि इंग्लंडमध्ये तर शाळेतल्या पोरांकडूनच करवून घेतलं. भूगोलाचे प्राध्यापक डडली स्टॅम्प (हे आधी रंगूनच्या विद्यापीठात शिकवत होते) यांनी १९३०च्या दशकात अख्ख्या ब्रिटनचा जमीनवापराचा नकाशा करायला घेतला. पैसे जवळजवळ नव्हते. म्हणून शाळांना सहा इंची नकाशे दिले आणि मास्तरांनी मुलांना घेऊन शेत न् शेत रंगवलं. पुढे महायुद्धात जास्तीची जमीन कुठे नांगरायची हे ठरवताना तेच नकाशे कामाला आले. मुलांकडून केलेलं काम कच्चं असतं हा जो आपला एक लाडका समज आहे, त्याला एवढं उदाहरण पुरे.

आता मराठवाड्यात या.

मान पिंपळे सौदागर मोजत होता तेव्हा टेंभुर्णी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. पुण्या-मुंबईकडे विद्यापीठ, कृषी महाविद्यालय, पुढे १९३० साली गोखले इन्स्टिट्यूट. धनंजयराव गाडगीळांनी वाई तालुक्यातल्या शेतीचा अभ्यास केला तो तिथलाच. इकडे मात्र पदवीपर्यंत शिकायचं तर हैदराबाद गाठायचं, उस्मानिया विद्यापीठात, आणि तेही उर्दूतून. १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया हा देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग होता याबद्दल वाद नाही. पण मराठी बोलणाऱ्या टेंभुर्णीच्या पोरासाठी ती देशी भाषाही परकीच होती. संस्थानात सर्वेक्षणं झालीच नाहीत असं नाही. १८८४ साली औरंगाबाद जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं. केशव अय्यंगारांनी १९२९-३० साली संस्थानातल्या खेड्यांची आर्थिक पाहणी केली आणि पोलीस ॲक्शननंतर १९४९-५१ मध्ये पुन्हा केली. पण विद्यार्थी आपल्याच गावी परत जाऊन मोजतोय, ही स्लेटरची कल्पना इथे रुजायला विद्यापीठच जवळ नव्हतं. १९५० साली बाबासाहेबांच्या संस्थेनं औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद. २३ ऑगस्ट १९५८ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं (१९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ). जालन्यातली कॉलेजं आजही त्यालाच जोडलेली आहेत.

आणि मग पत्त्याचा घोळ. टेंभुर्णी जागची हलली नाही, पण तिच्यावरचे फोल्डर बदलत गेले. १९५१च्या जनगणनेत हैदराबाद राज्य. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य. १ मे १९६० पासून महाराष्ट्र, औरंगाबाद जिल्हा. १९८१ची जनगणना मार्चपर्यंत उरकली आणि जालना जिल्हा झाला १ मे १९८१ला, म्हणजे जिल्हा म्हणून जालन्याची स्वतःची जनगणना थेट १९९१ची. २०२१ची पुढे ढकलली गेली, त्यामुळे २०११चे आकडे किती ताणले गेले ते सगळ्यांना माहीतच आहे. प्रत्येक गावाला जनगणनेत एक कोड असतो, पण तोही सगळ्या जनगणनांत एकच राहिलेला नाही. ज्यांनी कधी दोन वेगळ्या सिस्टिममधले टेबल प्रायमरी की नसताना जोडलेत त्यांनाच हे दुःख कळेल.

त्याहून जुनी महसुली कागदपत्रं उर्दूत. ही कागदपत्रं किती महत्त्वाची असतात ते २०२३ साली अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलं. जालना जिल्ह्यातल्याच अंतरवाली सराटीतल्या उपोषणानंतर सरकारनं न्या. संदीप शिंदे समिती नेमली आणि निजामकाळातल्या नोंदी शोधायची धावपळ झाली. तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं हुडकत फिरावं लागलं. त्या विषयाच्या राजकारणात मी इथे शिरत नाही. पण कागद नसला की माणसाचं काय अडतं, हे एवढ्या ठळकपणे क्वचितच दिसलं असेल.

स्वातंत्र्यानंतर तरी कुणी पाहिलं का? १९७५ साली हैदराबादच्या इक्रिसॅटनं कोरडवाहू शेतीतल्या गावांचा एक दीर्घ अभ्यास सुरू केला. जगभर त्याचा दाखला देतात. संशोधक गावातच राहायचे, दर काही आठवड्यांनी त्याच कुटुंबांकडे जाऊन सगळा हिशोब लिहायचे. पहिली सहा गावं कोणती? महबूबनगरमधली दोन. अकोल्यातली दोन, कान्झरा आणि किनखेडा. सोलापुरातली दोन, शिरापूर आणि कलमण. नकाशावर पाहिलं तर मराठवाड्याच्या तिन्ही बाजूंना. मध्ये मराठवाडा, आणि तिथलं एकही गाव नाही. हे जाणूनबुजून केलं असं मी म्हणत नाही, माती आणि पाऊस यांच्या निकषांवर गावं निवडली होती. पण परिणाम व्हायचा तो झालाच. सोलापूरच्या टेंभुर्णीवाल्यांना निदान आपल्या जिल्ह्यातली दोन गावं वाचायला मिळतात. जालन्याच्या टेंभुर्णीवाल्यांना तेवढंही नाही.

म्हणून रद्दीत गेलेल्या त्या वह्यांचं मला इतकं वाटतं. जिथे मान नव्हता, स्लेटर नव्हता, इक्रिसॅट नव्हतं, तिथे गावाकडे नीट बघणारं असं कोण होतं? बी.ए.ची मुलं. सायकलवर, एसटीनं, सॅकमध्ये प्रश्नावल्यांचे गठ्ठे घेऊन जाणारी. त्यातली बरीच त्याच गावांतली. त्यामुळे कुणाच्या विहिरीला पाणी आहे आणि कोण नुसतं सांगतोय, हे त्यांना घरबसल्या कळायचं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही इंजिनीअर लोक, आमचा भूगोलाशी संबंध दहावीला सुटला. नाही सुटला! ईव्हीएस आठवतंय ना? सगळ्यांनाच होतं. तो पेपर आला कुठून याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. एम. सी. मेहता या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये न्यायालयानं सांगितलं की पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांत सक्तीचा करा. अंमलबजावणी रेंगाळली. न्यायालयानं पुन्हा कान पिळले, तेव्हा २००३-०४च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगानं सगळ्या पदवी अभ्यासक्रमांसाठी सहा महिन्यांचा एक सामाईक कोर्स आणला. त्याचं पुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. इराक भरुचा यांनी. मूळचे सर्जन, आणि निसर्गाच्या मागे लागलेले.

हा कोर्स प्रत्यक्षात कसा आखला होता ते मी आत्ता वाचलं आणि चाट पडलो. शंभर मार्कांपैकी पंचवीस मार्क फील्डवर्कला होते. जवळची नदी, टेकडी, गवताळ रान बघून त्याची नोंद करा. प्रदूषित जागा बघा. झाडं, किडे, पक्षी ओळखा. देशातल्या प्रत्येक बी.कॉम., बी.ई., बी.एस्सी.वाल्यानं आपल्या आसपासची एक जागा लिहून काढायची! दर वर्षी लाखो नोंदी. कल्पना स्लेटरच्या तोडीची होती. झालं काय, ते प्रत्येकानं आपापल्या कॉलेजात पाहिलंय. आमच्या कॉलेजात नदीची एकच फाइल वर्षानुवर्षं बॅचमागून बॅच खाली उतरत होती, फक्त वरचं नाव बदलायचं. त्या फाइलमधली नदी म्हणे कायम स्वच्छ होती.

या सगळ्याचा आजच्या टेंभुर्णीशी काय संबंध? पाण्याचा.

मराठवाड्याचा हा भाग बेसाल्टवर उभा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, त्याचा हा काळा कातळ. कातळात पाणी वाळूसारखं सगळीकडे मुरत नाही. जिथे खडक झिजलाय, तडकलाय, तिथे ते साठतं. म्हणून एका शेतातल्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी आणि बांधापलीकडची दिवाळीलाच कोरडी, असं सर्रास होतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे उभी राहिली आणि आज राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा मोजते. काम चांगलं आहे. पण अशी एखादी विहीर एका मोठ्या पाणलोटाच्या वतीनं बोलते. बांधापलीकडचं ती सांगू शकत नाही.

२०१२-१३चा दुष्काळ जालन्यानं फार सोसला. मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी उभी झाडं तोडून सरपण केलं. त्यानंतर शेततळ्यांचं पीक आलं. जालन्याजवळच्या कडवंचीचं नाव तुम्ही ऐकलं असेल, पाणलोटाचं काम आणि त्याच्या जोरावर द्राक्षं. तिथून स्फूर्ती घेऊन आणि सरकारी अनुदान घेऊन जिल्हाभर प्लास्टिक अंथरलेली तळी झाली. जाफराबाद तालुक्याकडेही शेडनेटमधलं भाजीपाल्याचं बीजोत्पादन वाढलं, त्यालाही पाण्याची खात्री लागतेच.

आमचं क्यूजीआयएसचं काम इथपर्यंत येऊन अडकलं. उपग्रहाच्या जुन्या-नव्या चित्रांवरून तळी मोजता येतात. निळे-हिरवे चौकोन दिसतात, कुठल्या वर्षी कुठलं झालं तेही कळतं. मी एका रात्रीत बराच भाग उरकला आणि मोठ्या ऐटीत तिला फाइल धाडली. तिचं उत्तर आलं, “दादा, तळं दिसतंय. पण भरलं कशानं?”

हा प्रश्न लाखमोलाचा आहे. शेततळ्यात पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवलं तर ती साठवण. पण तळाला प्लास्टिक असलं की त्यात पाणी मुरत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी ही तळी विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरली जातात. म्हणजे जमिनीखालचं, सगळ्यांच्या वाट्याचं पाणी वर काढून एकाच्या शेतात उन्हात ठेवायचं. त्यातलं किती तरी उडून जातं. ज्याचं तळं त्याची बाग वाचते हे खरं. खालच्या अंगाच्या विहिरीचं काय होतं? अभ्यासकांनी हा प्रश्न उपस्थित करून बरीच वर्षं झाली. पण टेंभुर्णीच्या शिवारापुरतं त्याचं उत्तर हवं असेल तर तळ्यांचं वय आणि विहिरींची आटण्याची तारीख शेजारी-शेजारी ठेवून बघावी लागते. तळ्यांचं वय आकाशातून मिळालं. विहिरींच्या तारखा रद्दीत गेल्या.

म्हणून ती आता म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरते. विहिरीची खोली ती परसात सांगतात (एक परस म्हणजे हात वर केलेल्या माणसाएवढं). “बहात्तरच्या दुष्काळात खोल नेली, मग थोरल्या पोरीच्या लग्नाच्या साली परत एकदा.” आता थोरलीचं लग्न कुठल्या साली, ते आजी आतून ओरडून सांगतात आणि त्यावर पाच मिनिटं वाद होतो. यातून तारीख निघते, पण एक-दोन वर्षं इकडे-तिकडे. आणि सांगणारी माणसं दर वर्षी कमी होताहेत.

दुसऱ्या बाजूला यंत्रं सुधारली आहेत. २०१८ पासूनच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी मुंबई आयआयटीच्या लोकांनी गावाच्या पाण्याचा ताळेबंद काढणारी पद्धत बसवली. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मातीत किती राहिला, खाली किती मुरला. त्याचं क्यूजीआयएसवर चालणारं प्लगइनही आहे, उघडून बघा, आपल्या लोकांना आवडेल. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पीक नोंदवतो. १९३०च्या इंग्लंडमधल्या शाळकरी पोरांचं काम आता असं होतंय. पण विहीर कधी आटली, तळं कशानं भरलं, हे दोन्हीकडे नाही. ते विचारावं लागतं, आणि विचारायला कुणीतरी जावं लागतं.

आणि आता जाणारे पुष्कळ आहेत, ही यातली ताजी बातमी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्टचे वेगळे क्रेडिट ठेवले आहेत, नुसत्या भूगोलवाल्यांना नव्हे. म्हणजे जाफराबाद-भोकरदनच्या कॉलेजांतली बी.कॉम.ची पोरंही आता वह्या घेऊन गावात जाणार. प्रबंधांचं जतन व्हायला लागलंच की. विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ साली पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय रूपात जमा करणं बंधनकारक केलं, आणि आज ‘शोधगंगा’वर मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या जमीनवापराचे, पिकांचे प्रबंध फुकट वाचता येतात. मी वाचले काही. बरेचसे तालुक्याच्या सरासरीवर थांबतात, कारण त्यांच्या हातीही गावाच्या वह्या नव्हत्या. पीएच.डी.चं जपायचं आणि बी.ए.चं फेकायचं, यामागचा हिशोब मला कळलेला नाही. स्लेटरची पोरं बी.ए.चीच होती.

खर्चाचं म्हणाल तर एका वर्गाच्या सगळ्या वह्यांचे फोटो काढायला एक फोन आणि एक दुपार लागते. आम्ही तिच्या कॉलेजातल्या उरलेल्या दोन वर्षांच्या वह्यांचे काढले. सरांनी आनंदानं परवानगी दिली, वर चहा पाजला. माणसांची नावं झाकायची, विहिरीची जागा आणि महिना ठेवायचा, एवढा एकच नियम केला. तिच्या स्वतःच्या सर्वेक्षणाच्या तीन प्रती होणार आहेत: एक विभागात, एक टेंभुर्णीच्या ग्रामपंचायतीत, आणि एक माझ्या डिस्कवर.

वाचकांपैकी कुणी, किंवा कुणाच्या आई-बाबांनी, काका-आत्यांनी मराठवाड्यातल्या कुठल्याही कॉलेजात भूगोल घेऊन बी.ए., एम.ए. केलं असेल, तर माळ्यावरची पेटी एकदा उघडून बघा. जर्नलचा पुठ्ठा बहुधा तपकिरी असतो. आत गावाचं नाव आणि साल असेल तर मला कळवा. टेंभुर्णीचंच असायला हवं असं काही नाही.